बाईचा चहा

"चहा निवडायचाय, सून नव्हे," असं मी शेवटी मालतीला म्हणालो, तेव्हा तिनं माझ्यापुढचा कप उचलून नेला आणि त्या सकाळी मला चहाच मिळाला नाही.

झालं होतं असं, की उज्जैनहून लीलावतीबाई येणार होत्या. मालतीच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, घरी औषधाचे थेंब घालायला कोणी नाही. पुण्याचा भाचा फोनवर नुसताच "या, या" म्हणत होता. मालतीनं मात्र भोपाळचा डॉक्टर, तारीख, खोली, सगळं ठरवूनच त्यांना फोन केला. बाई तयार झाल्या. म्हणाल्या, "मला काही लागत नाही गं. सकाळी एक कोरा चहा तेवढा. बाकी काहीही चालेल."

या एका वाक्यानं भोपाळमधल्या आमच्या मिसरोदच्या घराची शांतता गेली.

मालती दहावीत असताना तिची आई वारली. वडील फिरतीच्या नोकरीत. ते सगळं वर्ष बाईंनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. बाईंकडे एकच चांगला कप होता, गुलाबाचं फूल असलेला. तो त्यांनी पहिल्याच दिवशी या परक्या पोरीच्या हातात दिला आणि स्वतः फुलपात्रातून प्यायल्या. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली आहे की तो कप आमच्याच कपाटात असावा असं मला वाटतं. त्या बाईंना आता घरी आणायचं, दोन्ही डोळे होईपर्यंत ठेवून घ्यायचं आणि जमलंच तर नंतरही जाऊ द्यायचं नाही, असा मालतीचा बेत होता. एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बाईंना वाटलं पाहिजे हो, की पोरगी चांगली निघाली." साठी उलटलेली बायको असं म्हणते तेव्हा हसू नये, एवढं मलाही कळतं.

तर चहा. एमपी नगरात सुटी चहापत्ती विकणारं एक दुकान आहे, तिथं ती मला घेऊन गेली. दुकानदार डबे उघडून दाखवत होता आणि मालती चिमूट चिमूट पत्ती तळहातावर घेऊन हुंगत होती, चोळत होती, दाताखाली धरत होती. तिचं म्हणणं असं, की दुधाच्या चहात सगळं खपून जातं. आलं घाला, साखर घाला, पत्ती कसलीही असो. कोऱ्या चहाला लपायला जागा नसते.

मग घरी रोज सकाळी परीक्षा आणि परीक्षार्थी मी. दार्जिलिंगचा वास सुरेख होता, पण पोह्यांचा पहिला घास घेतला आणि चहा कुठं गेला ते कळेना. नीलगिरीचा रंग छान, पण "पोकळ आहे" असा शेरा पडला. आसामची दाणेदार पत्ती आम्ही एरवी दुधात घालतो तीच. दुधाशिवाय तिनं असा घसा धरला की मी दुपारपर्यंत खाकरत होतो. मग आसामचीच मोठी, अख्खी पत्ती. ती उकळायची नाही म्हणे. उकळतं पाणी वर ओतायचं, झाकायचं, आणि झाकण उघडून बघायचं नाही. हे शेवटचं माझ्यासाठी.

"रोजचा चहा असा हवा," मालती म्हणाली, "की प्यायल्यावर त्याच्याबद्दल बोलावंसं वाटू नये."

"मग तू आठवडाभर कशाबद्दल बोलतेयस?"

त्यानंतरच ते सुनेचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. दुसऱ्या दिवशी मी परीक्षार्थीपदाचा राजीनामा दिला आणि शेवटी कोणता चहा पास झाला ते विचारलंच नाही. ते विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाई आल्या. काठीसारख्या ताठ, पांढरी पातळ वेणी, नजर माणसाच्या जरा बाजूला. मी पिशवी घेतली आणि आत हाक मारली, "मालती, बाईला पाणी दे!"

"बाईंना," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "बाईंना पाणी दे. अनुस्वार द्या, जावईबापू. एवढासा ठिपका असतो, पण सगळा मान त्यात असतो."

मी भोपाळमध्ये जन्मलो. आमची मराठी निम्मी हिंदीच्या खिशात राहते. मी "सॉरी बाई" म्हणून मोकळा झालो. मालती मात्र पाण्याचा पेला घेऊन आली ती हसतच. "मी अजून विसरत नाही हं, बाई."

"तू नाहीच विसरणार. तुझ्या वहीत मला कधी अनुस्वार घालावा लागला नाही."

मालतीचा चेहरा शाळकरी पोरीसारखा फुलला.

डॉक्टरनं तपासलं तर बाईंची साखर वाढलेली निघाली. ती खाली येईपर्यंत ऑपरेशन आठवडाभर पुढं गेलं. आणि पहिल्याच सकाळी मी घोटाळा केला.

मला लवकर जाग आली. मालती आंघोळीला गेली होती आणि बाई जेवणाच्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. जावयानं अशा वेळी काय करावं? मी चहा करायला गेलो. स्वयंपाकघराशी माझा संबंध फ्रिजपर्यंतचा. पण मालतीला डब्यांवर नावं घालायची सवय आहे, सुंदर मराठी अक्षरात, पांढऱ्या पट्टीवर. म्हटलं, वाचता तर येतं. 'साबुदाणा', 'कडधान्यं', 'आमसुलं', 'चहा'. हा चहा आपला दुधाचा. मग बेसिनजवळच्या खालच्या फळीवर, भांडी घासायच्या पावडरीशेजारी, एक छोटा डबा दिसला. त्यावर लिहिलं होतं, 'बाईचा चहा'.

माझं मन भरून आलं, खोटं कशाला सांगू. एवढी आठवडाभराची दगदग आणि वर हे नाव घातलेला डबा! शेजारी एक कप पालथा घातलेला. कान तुटलेला होता, पण डब्याला चिकटूनच ठेवला होता, म्हणजे जोडीचाच असणार. आणि बाकीचे कप कुठं असतात हे मला माहीत असतं, तर मी मालतीचा नवरा कसला. डब्यात पत्ती कसली, काळी भुकटी होती. मी दोन चमचे टाकली आणि चांगली खळखळून उकळली.

बाईंनी पहिला घोट घेतला. "कडक आहे."

"मालतीनं खास तुमच्यासाठी निवडलाय," मी म्हणालो. "आठवडाभर माझा जीव खाल्ला. डब्यावर तुमचं नाव घालून ठेवलाय. कपसुद्धा वेगळा."

बाईंचं बोट कपाच्या तुटक्या कानावरून फिरत राहिलं. मग म्हणाल्या, "पाहुण्याला चांगला कप देतात, जावईबापू. कान तुटका घरच्याला. मला वाटलं होतं, मालती माझं फार कौतुक करून मला पाहुणी करून टाकेल. नाही केलं तिनं." त्यांच्या त्या धुरकट डोळ्यांत पाणी आलं होतं.

एवढ्यात मालती ओल्या केसांनी बाहेर आली. तिनं बाईंच्या हातातला कप बघितला. गॅस चालू राहिला की काय असं वाटावं, असा तिचा चेहरा झाला.

मला खोलीत नेऊन दार लावून ती म्हणाली, "तो रामकलीचा डबा आहे."

रामकली म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई. आमचा मुलगा शाळेत असल्यापासून येते. मी म्हणालो, "रामकलीचा डबा वेगळा आहे?"

"सगळ्यांकडे असतो."

"आणि कप?"

"कप पण." ती पलंगावर बसली. "असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय माहीत नव्हतं?"

खरंच माहीत नव्हतं, आणि तेवढ्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं ही बाई आमच्या घरात रोज चहा पिते. कुठं पिते, कशातून पिते, मी मान वळवून बघितलं नव्हतं. न बघण्याचं श्रेय कसलं घ्यायचं?

"बाईंना सांगून टाक," मी म्हणालो.

"काय सांगू? तुम्हाला मोलकरणीचा चहा पाजला, हे? की माझ्या घरी मोलकरणीचा चहा वेगळा असतो, हे?" ती रडायला लागली. "त्यांनी मला स्वतःचा कप दिला होता हो."

दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप सगळं बदललं. नवा कप, आणि त्यात तो पास झालेला चहा. मोठ्या पत्तीची आसामच निघाली, एका नव्या बरणीत होती, नावाची पट्टी तेवढी लावायची राहिली होती. बाईंनी कप हातात घेतला, कान चाचपला आणि खाली ठेवला.

"हा माझा नव्हे. आणि आज चहा पण पाहुण्यांचा दिसतोय. माझ्या डब्यातला संपला का गं?"

"नाही बाई, आहे ना."

"मग तोच दे. एवढं नाव घालून ठेवलायस."

काय करणार? मालतीनं स्वतःच्या हातानं ती भुकटी उकळली आणि तुटक्या कानाच्या कपात ओतली. रोज सकाळी हेच. मी समोर बसून पेपरात डोकं घालत असे. बाई पिताना म्हणत, "आहे जरा कडू, पण आवडायला लागलाय," आणि मालती ओट्याकडं तोंड करून उभी राही.

इकडं रामकलीची पंचाईत. बाई टेबलाशी बसून असायच्या आणि डोळ्यांचं काम कानांवर आलेलं. झाकण वाजलं की कोणता डबा ते ओळखायच्या. म्हणून रामकलीला नव्या बरणीतला चहा, फुलाफुलांच्या कपात. पहिल्या दिवशी ती मोठ्यानं म्हणाली, "दीदी, मेरा डिब्बा किधर गया? मेरे को तो ये पानी जैसी लग रही है. इसमें दम ही नहीं है."

मालतीनं मिक्सर लावला. रिकामाच.

दोनतीन दिवस तसंच गेलं. मग रामकलीनं विचारणं बंद केलं. तिला काय समजलं आणि किती समजलं, ते तीच जाणे. ती फुलांचा कप घेऊन नेहमीसारखी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची आणि प्यायची, आणि कप धुऊन पालथा घालायची. ती तक्रार करत राहिली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं.

"डोळ्यावरची पट्टी सुटली की बाईंना दिसेल," मालती मला म्हणायची. मी म्हणायचो, तोवर डबाच गायब कर. त्यात काय? ऑपरेशनला निघताना तिनं तो डबा आणि कप पिठाच्या डब्यामागं पार कोपऱ्यात ढकलून ठेवला. परत आल्यावर सांगायचं, सांडला, संपला, फुटला. काहीही. मीच सुचवलं होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली. काळा चष्मा लावून बाई गाडीत बसल्या आणि होशंगाबाद रोडवरची एकूणएक पाटी मोठ्यानं वाचत आल्या. कोचिंगच्या जाहिराती, साड्यांची दुकानं, "यहाँ गाड़ी खड़ी ना करें". हिंदी पाट्यांतल्या चुकासुद्धा काढत होत्या. मालतीचा चेहरा हातात धरून त्या म्हणाल्या, "अगं, केस पांढरे झाले की तुझे!" आणि दोघी हसल्या. तेवढा रस्ता आमचा सुखाचा गेला.

घरी आलो तर रामकली काम आटोपून थांबलेली. टेबल पुसलेलं, आणि टेबलाच्या मधोमध तो डबा. घासून लख्ख केलेला. शेजारी तो कप.

"मैडम का सामान पीछे गिर गया था," ती कौतुकानं म्हणाली. "मैंने ढूँढ के रख दिया."

बाई खुर्चीत बसल्या. "हाच का माझा डबा? बघू." त्यांनी तो उचलला, जरा लांब धरला, आणि पहिलीतल्या मुलासारखं मजेत वाचलं, "बा. ई. चा."

मग थांबल्या. डबा आणखी जवळ घेतला. बोटाच्या नखानं ई या अक्षराच्या डोक्यावर टोकरलं, ठिपका पुसला गेला असेल तर दिसेल म्हणून. तिथं पट्टी कोरी होती.

त्या उठल्या आणि ओट्यापाशी गेल्या. फळीवरच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. कडधान्यं. आमसुलं. लवंगा. शेंगदाण्यांचा कूट. मी मनात प्रत्येक डब्याला हात जोडत होतो, की तू तरी चुकीचा निघ. एकही निघाला नाही. मालतीच्या अक्षरात चूक कशी असेल?

"मालते," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सगळ्या स्वयंपाकघरात एकच अनुस्वार राहिला का गं?"

सुटायला वाट होती. "हो बाई, राहिला," एवढं म्हटलं की झालं. मी मालतीकडं बघून मान हलवतसुद्धा होतो, म्हण, म्हण. माझी लाज त्या क्षणी कुठं गेली होती, देव जाणे.

"राहिला नाही, बाई," मालती म्हणाली. "तो तिचा डबा आहे." आणि मान खाली घालून, "कप पण तिचाच."

बाई वळल्या. काळ्या चष्म्यातून त्या कोणाकडं बघतायत कळत नव्हतं. रामकली दाराशी उभी होती. मराठी तिला सगळी कळत नाही, पण इतक्या वर्षांत पुष्कळ कळते. तिनं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आणि मी आठवडाभर तुटक्या कानाचं कौतुक करत होते," बाई हळूच म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं, ठीक आहे. पण माझं बोट त्यावरून रोज फिरत होतं. घरच्या माणसाचा कप म्हणून मी खुशीत होते. कोणाचा, ते विचारावं असं मला पण वाटलं नाही." मग खुर्चीत बसत त्या म्हणाल्या, "पेन आण."

मालतीनं पेन आणलं.

"डबा तिचाच राहू दे. अनुस्वार घाल."

ठिपका काढायला किती वेळ लागतो? मालतीचा हात पट्टीवर टेकला आणि तिथंच राहिला. डोळ्यांतलं पाणी पट्टीवर पडू नये म्हणून तिनं चेहरा बाजूला केला होता. शेवटी तिनं पेन टेकवलं. 'बाईंचा चहा' झालं. इतकं सोपं होतं, आणि म्हणूनच मला तिथं उभं राहवेना.

"बाई," मालतीनं खालमानेनंच विचारलं, "दुसऱ्या डोळ्याला... पुण्याला जाल का?"

"नाही. इथंच करू. एका डोळ्याला एवढं दिसलं. दुसऱ्याला काय काय दिसतं ते बघते." हे म्हणताना त्या हसल्या नाहीत.

मालती उठली. कपाटातून एकसारखे चार कप काढले. नव्या बरणीतली मोठी पत्ती घेतली, उकळतं पाणी ओतलं, झाकलं. झाकण कोणी उघडून बघितलं नाही. रामकलीला कोरा आवडत नाही, म्हणून तिच्यासाठी तिच्याच डब्यातली भुकटी वेगळी उकळली, दूध घालून, आलं ठेचून. चारही कप टेबलावर मांडले. आणि माझ्याशेजारची खुर्ची मागं ओढली.

रामकली पुढं आली. तिनं दुधावरून आपला कप ओळखला आणि मागच्या पायरीकडं न्यायला उचललासुद्धा. मग तिचं लक्ष त्या ओढलेल्या खुर्चीकडं गेलं. कप खाली ठेवून तिनं हातातल्या फडक्यानं खुर्ची पुसली, पाठ पुसली, बसायची जागा पुसली, आणि विचारलं,

"कोई आने वाला है क्या, दीदी?"